इंटरवलपर्यंतचे उमाळकर सर

उमाळकर सरांनी आम्हाला दोन वर्षं चित्रपट सिद्धांत शिकवला आणि त्या दोन वर्षांत एकही चित्रपट शेवटपर्यंत पाहू दिला नाही. हे मी रागानं सांगत नाही. राग कधीच ओसरला. आता त्यांची आठवण निघाली की माझ्या ओठाचा एक कोपरा आपोआप वर जातो, एवढंच. ती लकबही मूळची त्यांचीच. वर्गात कुणी एखादा सिनेमा 'आवडला' म्हटलं की त्यांचा ओठ असाच वर जायचा.

आमचं कॉलेज म्हणजे नागपुरातल्या सदर भागातल्या एका इमारतीचा तिसरा मजला. खाली टाइल्सचं दुकान, वर जनसंवादाचा अभ्यासक्रम. सिनेमाच्या खोलीला काळे पडदे होते. त्यातला एक आखूड होता, त्यामुळे पडद्यावरच्या प्रत्येक चित्रपटात डावीकडे उन्हाची एक पट्टी असे. नायक त्या बाजूला गेला की नाहीसा व्हायचा. दोन वर्षांत तो पडदा कुणी बदलला नाही. सरांना त्याचं काही वाटत नव्हतं, कारण ते पडद्याकडे फारसं पाहतच नसत. ते आमच्याकडे तोंड करून, डोळे मिटून बोलत.

नागपूरच्या मे महिन्यातही खादीचा झब्बा आणि त्यावर जाकीट. खांद्याला शबनम, तिच्यातून इंग्रजी पुस्तकांची नावं बाहेरच्यांना वाचता येतील अशी डोकावत. गळ्यात, डॉक्टरच्या स्टेथोस्कोपसारखा, लेझरचा लाल ठिपका पाडणारा पॉइंटर. सिनेमा सुरू झाला की दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला ते हात वर करत. "थांबवा!" लॅपटॉपशी बसलेला मी स्पेसबार दाबायचो. मग तो लाल ठिपका नायिकेच्या कपाळावरून खिडकीवर, खिडकीवरून कंदिलावर फिरायचा आणि चाळीस मिनिटं कंदिलाचा अर्थ सांगितला जायचा. तास संपायचा. नायिका तोंड अर्धं उघडं ठेवून तशीच उभी. ती पुढे काय बोलणार होती, हे आम्ही घरी जाऊन आपापल्या मोबाइलवर शोधायचो.

"पाहणं आणि बघणं ह्यात फरक आहे," हे त्यांचं वाक्य. आठवड्यातून एकदा तरी यायचं. तो फरक काय, हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि आम्ही कधी विचारलं नाही. परीक्षेत मात्र आम्ही सगळ्यांनी तो लिहिला, प्रत्येकानं वेगळा, आणि सगळ्यांना सारखेच गुण मिळाले.

मुलांची नावं ते लक्षात ठेवत नसत, गावं ठेवत. मी कोराडीचा, बाबा औष्णिक वीज केंद्रात, राहणं कर्मचारी वसाहतीत. म्हणून मी 'कोराडी'. "कोराडी, थांबवा." प्रणाली पराते जुन्या शहरातल्या महाल भागातली, म्हणून 'महाल'. पहिल्याच दिवशी त्यांनी प्रत्येकाला उभं करून विचारलं होतं, शेवटचा सिनेमा कोणता पाहिला आणि का आवडला. प्रणालीनं त्या वर्षी गाजत असलेल्या एका कौटुंबिक चित्रपटाचं नाव घेतलं.

"का आवडला?"

"शेवटी रडू आलं सर."

ओठाचा कोपरा वर गेला. "रडू कांदा चिरतानाही येतं, महाल. कांद्याला आपण कलाकृती म्हणत नाही."

वर्ग हसला. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो. कोराडीहून बसनं येणाऱ्या, शर्टाच्या कॉलरवर राखेचा पापुद्रा घेऊन बसणाऱ्या मुलाला दुसऱ्या कुणाला तरी हसण्याची अशी संधी रोज मिळत नाही. प्रणाली खाली बसली आणि वहीत काहीतरी लिहिलं. मला वाटलं रडते आहे. नंतर कळलं, तिनं ते कांद्याचं वाक्य तारखेसकट उतरवून घेतलं होतं.

सरांच्या बाजूनं एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर मीही त्यांच्यासारखाच अर्ध्यातून उठलो असं होईल. एकदा दुपारी वीज गेली. काळे पडदे, बंद पंखा, घामाचा वास. कुणीतरी "चला रे" म्हणून उठलं, तेवढ्यात सर बोलायला लागले. लहानपणी उमरेडला जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा, त्याबद्दल. "आमी मागून घुसू. कनातीच्या खालून. पडदा उलटा दिसे, अक्षरं उलटी, नायक डावखुरा. अन् माहा भाऊ म्हने, आपल्यालेच खरा सिनेमा दिसून राहिला गा, समोरचे लोकं येडे आहे." दहा मिनिटं ते असं बोलले. एकाही फ्रेंच माणसाचं नाव आलं नाही. आम्ही श्वास रोखून ऐकत होतो. मग दिवे आले, सरांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "असो. हा अर्थात ग्रामीण प्रेक्षकाचा भाबडेपणा. कोराडी, लावा." त्यानंतर ते वऱ्हाडीत कधी बोलले नाहीत. आमच्यापैकी कुणी 'मले' म्हटलं तर 'मला' अशी दुरुस्ती मात्र करत राहिले.

ही विद्या साथीसारखी पसरते. मी घरी गेलो की आईबरोबर टीव्हीवर सिनेमा पाहायला बसायचो आणि तिला समजावायचो, की बघ, कॅमेरा आता खाली ठेवलाय, म्हणजे ह्या बाईला मोठं दाखवायचंय. आई दोन-तीनदा हूं हूं म्हणाली. मग एके दिवशी म्हणाली, "तुले पाहाचं नसन तं जाय ना बाहीर. मले पाहू दे." मी गेलो नाही. पण त्या दिवसापासून ती माझ्या समोर सिनेमा लावेनाशी झाली. मी आलो की बातम्या लावायची.

उमाळकर सर एका दैनिकात रविवारी परीक्षण लिहीत. त्यांचा सगळा दरारा त्या अर्ध्या स्तंभावर उभा होता. कॉलेजचे संचालक ते कात्रण सूचनाफलकावर लावत. परीक्षणात शेवटाबद्दल एक परिच्छेद हमखास असे, आणि तोच सगळ्यात चांगला असे, हे कबूल केलं पाहिजे. साधी, थेट माहिती: कोण कुणाला काय म्हणालं, कोण निघून गेलं, कोण दारात उभं राहिलं. त्यावर मग सरांची मल्लिनाथी. आम्हाला वाटायचं, वर्गात दाखवत नसले तरी स्वतः मन लावून पाहतात बुवा.

दुसऱ्या वर्षी प्रत्येकानं एक लघुपट करायचा होता. प्रणालीनं मोबाइलवर अकरा मिनिटांचा केला. नाव 'शो सुटला'. तो वर्गात लागला तेव्हा लॅपटॉपशी मीच होतो. सुरुवातीला स्वयंपाकघर, तिच्या आईचे हात मेथी निवडताहेत, बाहेरून कुणीतरी चप्पल काढल्याचा आवाज येतो, कॅमेरा दचकून जरा हलतो.

"थांबवा."

मी थांबवला. दीड मिनिट झालं होतं.

लाल ठिपका मेथीवर गेला. सर म्हणाले, स्त्रीचं श्रमविश्व दाखवण्याची ही घिसीपिटी रीत आहे. मग कॅमेरा हलला त्याकडे वळले. ही थरथर म्हणजे परिघावरच्या समूहाच्या अस्थिर अस्तित्वाचं रूपक होऊ शकलं असतं, पण दिग्दर्शिकेला त्याची जाण नाही.

"सर, ते मांजर आलं पायात," प्रणाली म्हणाली.

कुणी हसलं नाही. निदान मी नाही. सरांनी डोळे उघडले. "म्हणजे तुम्ही हलल्याचं कारण मांजर?"

"हो सर."

"मग हा चित्रपट नाही, महाल. ही घरगुती चित्रफीत आहे. लग्नाच्या कॅसेटीला आपण गुण देत नाही. परत करा. विषय बदला."

"सर, पुढं तर पाहा. बाबा यायचे आहेत अजून."

"भात शिजला की नाही हे शितावरून कळतं."

बाकीची साडेनऊ मिनिटं राहिली ती राहिलीच. परत करायचा म्हणजे सत्र हातचं जाणार होतं. बाहेरचे परीक्षक महिनाभरात येणार होते.

संध्याकाळी आम्ही चौघं-पाच जण कॅन्टीनमध्ये तिच्या लॅपटॉपभोवती बसलो. कोणी थांबवलं नाही. चप्पल काढून आत येतात ते प्रणालीचे बाबा. पराते काका पूर्वी हातमागावर लुगडी विणत. माग गेला, आणि आता ते शहरातल्या एका मल्टिप्लेक्समध्ये दारावर आहेत: तिकीट पाहणं, पिशवी तपासणं, आणि शो संपायच्या पाच-सात मिनिटं आधी आत जाऊन बाहेरचं दार उघडणं. त्यामुळे प्रत्येक सिनेमाची शेवटची पाच-सात मिनिटं त्यांनी पाहिलेली, आणि पूर्ण सिनेमा एकही नाही. रात्रीच्या भाकरीला ते बायकोला शेवट सांगतात. बायको त्यावरून सुरुवात ओळखते. अख्खी फिल्म एवढीच.

"मंग ते पोरगी त्याले म्हनते, मी नाई येत. अन् गाडीत बसून चालली जाते."

"काहून?"

"मले काय मालूम वं. मी तं तेवढंच पाह्यलं."

मेथी निवडता निवडता आई विचार करते. "त्यानंच काईतरी केलं असन आधी. उगीच नाई कोनी गाडीत बसत."

आम्ही हसत होतो, आणि हसता हसता काहीतरी दुखतही होतं. मग आठव्या मिनिटाला काका भाकरीचा तुकडा मोडत म्हणतात, "एक साहेब येते दर शनिवारी. पेपरात लिवते म्हने. इंटरवल झाला का बाहीर. मंग मले इचारते, शेवटी काय होते हो? मी सांगतो. डोळे मिटून आयकते, देवाचं नाव घेतल्यावानी. गळ्यात लाल लाईटवालं काईतरी राह्यते."

कॅन्टीनमध्ये कुणाचा तरी चमचा थांबला. या वेळी स्पेसबार प्रणालीनं स्वतःच दाबला. हे वाक्य तिनं संपादन करताना पन्नासदा ऐकलं असेल. लाल लाईटवालं म्हणजे फटाक्याच्या दुकानातली काहीतरी वस्तू असावी, असं तिला वाटलं होतं. आपल्या सरांचा आणि आपल्या बाबांचा संबंध असेल हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

त्या रविवारचं कात्रण घेऊन मी तिच्याबरोबर महालात गेलो. कात्रणावर सरांचा फोटो होता. काकांनी चष्मा लावून पाहिला.

"हाव, हेच तं." मग पोरीकडे पाहिलं. "हेच का तुहे सर? ज्याहिनं तुही पिच्चर बंद केली?"

"हो बाबा."

"पूर्ण पाह्यली नाई?"

"नाही."

काकांनी कात्रणाची घडी घातली आणि ते मला परत दिलं. मला म्हणाले, "चहा घे गा." चहा घेऊन मी निघालो.

पुढच्या रविवारी सरांच्या स्तंभात दोन भावांच्या वैराच्या एका हाणामारीच्या चित्रपटाचं परीक्षण होतं. मी तो शुक्रवारीच पाहिला होता. शेवटी दोघे भाऊ बहिणीच्या लग्नात गळ्यात पडून नाचतात, पाठोपाठ 'समाप्त'ची पाटी येते, लोक शिट्ट्या मारतात. सरांनी लिहिलं होतं: "अखेरीस थोरला भाऊ रेल्वेच्या रिकाम्या फलाटावर एकटा बसतो. गाडी येते. तो चढत नाही. गाडी निघून जाते. व्यावसायिक चित्रपटाच्या उथळ प्रवाहात दिग्दर्शकानं साधलेलं हे दीर्घ मौन थक्क करतं." पुढे त्या मौनावर दोन परिच्छेद. एका हंगेरियन दिग्दर्शकाशी तुलना.

त्या सिनेमात रेल्वे नव्हती. रूळ नव्हते. गावालाच स्टेशन नव्हतं.

मी प्रणालीला फोन केला. तिनं फोन हातात धरूनच बाबांना विचारलं. पलीकडून ब्रश घासल्याचा आवाज येत होता. ते ड्यूटीचे बूट पॉलिश करत होते. "हाव, मीच सांगलं," ते म्हणाले. आणि ब्रश चालू ठेवतच, "मले तं तोच शेवट चांगला वाटला."

त्या आठवड्यात दैनिकाकडे पत्रांचा पाऊस पडला म्हणे. पुढच्या रविवारी सरांच्या जागी लिंबाच्या गोड लोणच्याची कृती होती. त्यानंतरही लोणचीच येत राहिली.

ह्यानंतर एखादा माणूस शरमेनं दोन दिवस रजा टाकेल. सर सोमवारी वेळेवर आले. शबनम टेबलावर ठेवली, डोळे मिटले आणि म्हणाले की सामान्य वाचकाला 'पर्यायी वाचन' कळत नाही. समीक्षक पडद्यावर जे आहे त्याचं वर्णन करत नाही. जे असायला हवं होतं त्याचं करतो. ह्या विषयावर ते शोधनिबंध लिहिणार होते. वर्गातल्या दोघांनी हे उतरवून घेतलं. मी पराते काकांचं नाव सरांच्या तोंडून निघण्याची वाट पाहत होतो. मनातून घाबरलोही होतो, कारण थिएटरच्या मॅनेजरला एक फोन गेला असता तर काकांची नोकरी गेली असती. पण तक्रार करायची म्हणजे दरवानाला शेवट विचारतो हे सांगावं लागलं असतं. काकांनी हे आधीच ताडलं होतं की नाही, मला ठाऊक नाही. ते शांतपणे ड्यूटीवर जात राहिले.

प्रणालीनं विषय बदलला नाही. तीच फिल्म घेऊन ती परीक्षेला बसली. "नापास तर नापास," एवढंच म्हणाली.

बाहेरच्या परीक्षक अमरावतीहून आलेल्या एक बाई होत्या. जाड भिंगाचा चष्मा, पर्समध्ये शेंगदाण्याची पुडी. पडद्यासमोर दोन खुर्च्या, एक त्यांची, एक सरांची. मागे आम्ही. मी फिल्म लावली. मेथी आली, मांजर आलं, कॅमेरा हलला.

"थांबवा," सर म्हणाले.

माझं बोट सवयीनं स्पेसबारवर गेलं होतं.

"काहून?" बाई म्हणाल्या. "चालू द्या ना. अकराच तर मिनिटं आहेत."

मी बोट काढून घेतलं. काका आले, भाकरी आली, पोरगी गाडीत बसून गेली. बाई एकदा मोठ्यानं हसल्या. आठवं मिनिट जवळ आलं तशी प्रणालीनं माझी बाही धरली. पडद्यावर काका म्हणाले: एक साहेब येते दर शनिवारी. इंटरवल झाला का बाहीर. डोळे मिटून आयकते. गळ्यात लाल लाईटवालं.

आम्ही सगळे सरांच्या पाठीकडे पाहत होतो. ती हलली नाही.

फिल्म संपली. बाईंनी चष्मा पुसला. "हा पेपरवाला खरा आहे की तू रचला?" त्यांनी प्रणालीला विचारलं.

प्रणाली उत्तर द्यायच्या आत सर बोलले. मान हलवत, खेदानं, अगदी मनापासून. "असे समीक्षक आहेत हो आपल्याकडे. दुर्दैवानं."

त्यांनी स्वतःला ओळखलं होतं आणि झाकत होते, की खरंच ओळखलं नव्हतं, ह्यावर प्रणालीचं आणि माझं आजही एकमत नाही. ती म्हणते, ओळखलं. तेव्हा त्यांचा हात पॉइंटरवर गेला होता. मी म्हणतो, नाही. ज्यानं वीस वर्षं डोळे मिटून शिकवलं, त्याला स्वतःचं वर्णन कुठून ओळखू येणार? बाईंनी तिला पास केलं. सरांनी शेऱ्यात लिहिलं, 'शेवट कमकुवत.'

प्रणाली आता संपादनाचं काम करते. काका अजून दारावर आहेत. मी एका जाहिरात कंपनीत आहे आणि सिनेमा पाहताना बोलत नाही. पण शेजारच्याला तो मनापासून आवडतो आहे असं दिसलं की माझा ओठ वर जातो, आणि मग स्वतःचीच घाण वाटते.

सरांना मी शेवटचं पाहिलं ते मागच्या हिवाळ्यात, कोराडी रोडवरच्या एका लॉनमध्ये, ऑफिसमधल्या मित्राच्या लग्नात. दुपारचा मुहूर्त. सर नवरीच्या मामाकडून कुणीतरी होते. निवृत्त झाले होते, झब्बा सैल झाला होता. मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा ते स्टेजच्या पायरीवर उभे राहून व्हिडिओवाल्याला सांगत होते की कॅमेरा कुठे हवा. व्हिडिओवाला पन्नाशीचा, मिशीवाला, घामाघूम माणूस. त्यानं दोनदा ऐकून घेतलं.

"काका, बाजूले व्हा. नवरी दिसून नाई राहिली."

सर जरा सरकले आणि पुन्हा काहीतरी सांगायला पुढे झाले. तेव्हा त्या माणसानं कॅमेरा खाली केला, मुळीच न चिडता सरांचे दोन्ही खांदे धरले, त्यांना चार पावलं मागे नेलं आणि एका लाल खुर्चीवर बसवलं. मग परत जाऊन आपलं काम करू लागला. सर बसले. समोर आंतरपाट होता, लोक माना उंच करून पाहत होते, प्रत्येक 'सावधान'ला तांदूळ उडत होते. शेवटचं झालं, टाळ्या, बँड, माळा पडल्या, आणि सगळा मांडव जेवणाच्या रांगेकडे धावला.

माझी नजर चुकून तिकडे गेली. सर त्याच खुर्चीवर होते. उजवी मूठ मांडीवर, घट्ट मिटलेली, बोटांच्या फटीतून तांदूळ दिसत होते. त्यांनी अक्षता टाकल्याच नव्हत्या.

मी हाक मारली नाही. ताट घेतलं आणि रांगेत उभा राहिलो.